कोरड्या सालातला पावसाचा तंबू

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ज्या साली नगर जिल्ह्यात पाऊस पडायचं विसरला, नेमक्या त्याच साली प्रस्तुत लेखक पावसापासून रक्षण करणारा तंबू आणण्यासाठी पुण्याहून नगरला रवाना झाला. सोबत एक पिशवी, एक पानाचा डबा आणि सहा फूट देह एवढंच सामान होतं. यांतल्या शेवटच्या वस्तूची लांबी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्यावरून बरीच बोलाचाली होणार आहे.

तंबू सदाचा. सदा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होता. आठवडाभर कागदावर धरणं काढायची आणि सुट्टी मिळाली की माझ्याबरोबर डोंगर चढायचे, असं त्याचं आयुष्य. शाळेपासूनचे आम्ही दोघं. डोंगर म्हणजे सदा आणि मी, हे इतकं ठरलेलं होतं की त्यात तिसऱ्या माणसाचा विचार कधी झालाच नाही. मग त्याच्या छातीत पहिली कळ आली. डॉक्टर म्हणाले, जड उचलू नका. सदानं त्याचा अर्थ असा काढला की हलकं उचलायला हरकत नाही.

आमचा जुना कॅनव्हासचा तंबू भिजला की तो वाहायला गाढव लागायचं, आणि ती भूमिका बहुतेक वेळा माझ्याकडे असे. भिंगारला लष्कराच्या मोडीतला माल विकणारी दुकानं आहेत. तिथून सदानं विमानातून उडी मारायच्या छत्रीचं नायलॉन आणलं. हातात धरलं तरी धरल्यासारखं वाटू नये इतकं तलम. त्याचा तो तंबू कापत होता. मला म्हणाला होता, मार्गशीर्षात रतनवाडीला एक गंमत दाखवतो. मग श्रावणातल्या एका कोरड्या सकाळी दाढी करता करता तो गेला.

दिवाळीनंतर सदाच्या बायकोचं, इंदूवहिनींचं, कार्ड आलं. तंबूचे तुकडे पडून आहेत, मी शिवते, तुम्ही येऊन घेऊन जा. बाकी कुशल.

नगर

पुण्यात पाहुणा आला की आपण पाणी विचारतो आणि तो नको म्हणतो. नगरला त्या साली न विचारता अर्धं भांडं पाणी पुढे येई, आणि पाहुण्यानं त्याचा थेंबही न टाकता भांडं पालथं करून ठेवायचं, अशी रीत पडली होती. कोणी सांगितली नव्हती, पण सगळे पाळत होते. जेवायला अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. ती घशाखाली उतरताना जरा थांबते, आजूबाजूला बघते आणि मग पुढे जाते.

वहिनी म्हणजे जेमतेम पाच फुटांची, ठाम बोलणारी बाई. चष्मा जाड भिंगांचा आणि कायम हरवलेला. संसाराच्या सगळ्या वर्षांत सदाचा दिवस त्यांचा चष्मा शोधून देण्यानं सुरू व्हायचा. हे मी पाहिलेलं आहे. अंथरुणाखाली, पाटाखाली, एकदा तर पिठाच्या डब्यात. आता तो काळ्या दोऱ्यानं त्यांच्या गळ्यात बांधलेला होता. शोधणारं कोणी नाही म्हटल्यावर माणूस अशी सोय करतं.

तुकडे त्यांनी चटईवर मांडून ठेवले होते. प्रत्येकावर सदाच्या नेटक्या खडूच्या खुणा.

"मशीन मागत होते," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, माझ्या मशीनवर हे निसरडं चालायचं नाही, सुई मोडेल. खरं कारण ते नव्हतं."

"मग?"

"राग होता, भाऊजी. शेवटचे महिने या माणसानं या कापडाला दिले. संध्याकाळी घरी आले की खाली बसून खडू आणि कात्री. मला काय दिलं, सांगा. एकदा हा उभा करून बघते, ह्यात एवढं काय होतं ते, आणि मग तुमच्या हवाली करते. मला घरात नको."

मी विनोदी माणूस आहे. अशा वेळी माझे हात आपोआप पानाच्या डब्याकडे जातात. मी पान लावायला घेतलं.

शिवणकाम सुरू झालं. ते कापड मशीनच्या पायाखाली ठेवलं की गोळा होई, सुरकुते, पळून जाई. शेवटी वहिनींनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या. कापडाखाली पट्टी घालायची, तिच्यासकट टीप मारायची, मग कागद फाडून काढायचा. कागद काढायचं काम माझं. पण तो सगळा निघत नसे. बारीक तुकडे टाक्यांत अडकून राहत. एका शिवणीत "टँकर" एवढंच वाचता येई, दुसरीत "सुकडीचे वाटप". पाणी आणि दुष्काळी कामावरच्या मजुरांचं खाणं, त्या सालच्या वर्तमानपत्रात दुसरं काय असणार?

धागा मात्र सुती. हे सदानं मला कधीतरी उत्साहानं सांगितलं होतं: सुती धागा पाणी लागलं की फुगतो आणि सुईनं पाडलेलं भोक स्वतःच बुजवतो. मी ते वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला बरं सांगायचे."

कापडाच्या कडा सारख्या उसवत होत्या. नायलॉनची कड जरा भाजली की वितळून बसते, पण मेणबत्तीनं पहिल्याच तुकड्याला बटाट्याएवढं भोक पडलं. वहिनी उठल्या. सदाच्या फोटोपुढची उदबत्ती काढून घेतली आणि तिचं निखाऱ्याचं टोक कडेवरून हळूहळू फिरवत नेलं. कड अगदी सुबक बसली.

"त्यांच्यासाठीच लावलीय ना," त्या म्हणाल्या. "मग त्यांच्याच कामाला लागू दे."

त्यानंतर त्या घरात उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे संपले. नायलॉन आणि मोगरा यांचा मिळून जो वास होतो तो मला अजून कुठेही ओळखता येईल.

मग पट्ट्या चिकटवायच्या होत्या. शिवण कितीही चांगली असली तरी तिच्यातून पाणी झिरपतंच, म्हणून आतल्या बाजूनं प्रत्येक शिवणीवर त्याच कापडाची बोटभर रुंद पट्टी, पंक्चर काढायच्या सोल्युशननं. कापडावर सोल्युशन, पट्टीवर सोल्युशन, दोन्ही जरा सुकू द्यायचं, मग दाबायचं आणि वाटीच्या बुडानं घासायचं. हे नाजूक काम माझ्यासारख्या हौशी नटाकडे देऊ नये. मी मन लावून एक लांबलचक पट्टी चिकटवली, वाटीनं घासली, अभिमानानं तंबू उचलला, तर एक भिंत जमिनीला कायमची जोडली गेलेली. शिवाय माझ्या मिशीचं डावं टोक गालाला.

वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मग हसल्या. सदा गेल्यानंतरचं ते पहिलं हसू असावं, कारण हसता हसता त्याच जरा दचकल्या. भिंत रॉकेल लावून सोडवली. मिशीचा निर्णय कात्रीनं झाला.

शेवटी दोन गोष्टी उरल्या, आणि दोन्ही विचित्र.

पहिली म्हणजे एक लहानसा कप्पा. लांबट, वीतभर, आत मऊ फलालीनचं अस्तर. तंबूच्या उजव्या भिंतीला, उशाशी, सदानं खडूनं त्याची जागा आखून ठेवली होती. मी जाहीर केलं की हा कप्पा माझ्या पानाच्या डब्यासाठी आहे, मित्र असावा तर असा. डबा घालून पाहिला. गेला नाही. तिरका घातला. तरी नाही.

"तपकिरीची डबी असेल," मी म्हणालो.

"तुम्ही कधी तपकीर ओढलीत?"

"सदाला वाटलं असेल, म्हातारपणी ओढेन."

वहिनींनी खुणेवर कप्पा शिवला.

दुसरी गोष्ट गंभीर. तंबूची जमीन एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड होती. पायाकडची कड तिरपी गेलेली. गच्चीवर अंथरून मी उजव्या बाजूला आडवा झालो, तर गुडघे छातीशी घेतल्याशिवाय पाय आत येईनात. आता हा सदा म्हणजे असा माणूस की माप काढलं की वर चार बोटं सोडायचाच. आमच्यात थट्टा होती की त्यानं कागदावरच्या धरणालाही चार बोटं सोडली असतील. तो एवढा चुकेल?

"सदाशिवा," मी आकाशाकडे हात करून म्हणालो, "आयुष्यभर तुझं ओझं वाहिलं, आणि तू माझे पाय वगळलेस?"

"कापड पुरलं नसेल," वहिनी म्हणाल्या. "त्यांची चूक व्हायची नाही."

"मग माझे पाय चुकले म्हणायचे."

"जोड द्यायला आता कापड उरलं नाही, भाऊजी. पाय पोटाशी घेऊन झोपा."

पाण्याची परीक्षा कपडे धुतलेल्या पाण्यानं झाली. तंबू वाळत घालायच्या दोरीवर ताणला आणि वरून तांब्यानं पाणी सोडलं. शेजारच्या गोदाकाकू कठड्यावरून बघत होत्या.

"इंदू, माणसं पाण्यावाचून तडफडतायत आणि तुम्ही कापडाला पाजताय?"

"खाली परात आहे, काकू. पडेल ते तुम्हाला देते."

"पाऊस आहे कुठे तंबूवर पडायला?"

वहिनींनी पुढचा तांब्या सोडला. आत एका कोपऱ्यात थेंब धरला होता. तिथे दुहेरी पट्टी लावली. परातीतलं पाणी गोदाकाकूंनी नेलं आणि त्यात त्यांच्या घरची फरशी पुसली गेली.

मी घडी करायला लागलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "कुठे उभा करणार होते ते?"

"रतनवाडीला. धरणाच्या पलीकडे, गडाच्या पायथ्याशी."

"मी येते."

राहुरीच्या पुढे

एस.टी. राहुरीच्या पुढे कुठेतरी पाण्यासाठी थांबली. पाणी गाडीसाठी, माणसांसाठी नव्हे. कंडक्टर डबा घेऊन वस्तीकडे गेला. रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चाललं होतं. ओळीनं बायका खडी फोडत होत्या, डोक्यावर पदर, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. एकाच वेळी इतक्या हातोड्यांचा आवाज आणि माणसाचा एकही नाही, असं मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

शेजारच्या बाकावरच्या पागोटेवाल्या म्हाताऱ्यानं माझ्या मांडीवरचं बोचकं चाचपलं.

"काय हाय ह्यात?"

"तंबू."

"मांडववाले का तुमी? लगीन कुनाचं?"

"लग्न नाही, बाबा. पावसात डोंगरावर राहायचा तंबू आहे."

"पावसात?" तो विचारात पडला. मग पुढच्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या गावात चार दिस लावा की. ह्याला भिजवायला म्हनून तरी यील."

सगळी गाडी हसली. म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला.

गाडी सुटल्यावर वहिनी आपणहून बोलायला लागल्या.

"लग्न झालं त्या वर्षी मला चांदबिबीच्या महालावर घेऊन गेले होते. पायी. ऊन रणरणतं, नवी चप्पल, पायाला फोड. वर गेल्यावर म्हणतात, बघ, किती लांबचं दिसतं. माझा चष्मा घामानं भरलेला, मला काय दिसणार? मी म्हटलं, पुन्हा मला असल्या ठिकाणी आणायचं नाही."

"मग?"

"मग काय. नाही आणलं. एवढ्या वर्षांत एकदासुद्धा विचारलं नाही."

मी म्हटलं, सदा शब्दाचा पक्का. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं. संगमनेर येईपर्यंत त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, घातला, पुन्हा पुसला.

रतनवाडी

राजूरच्या पुढे घाट चढून शेंडीला उतरलो, आणि समोर धरणाचं पाणी. त्या सालीही होतं. कमी होतं, काठाला मातीचे पट्टे दिसत होते, पण पाणी होतं. निळं, शांत, डोंगरांच्या पायाशी पसरलेलं. मी नाटकी माणूस, अशा ठिकाणी दोन ओळी म्हणाव्यात असं मला आपोआप होतं. वहिनी खाली वाकल्या, ओंजळ भरली, आणि ती टाकवेना म्हणून तशाच उभ्या राहिल्या. पाणी बोटांतून गळून जाईपर्यंत.

होडीनं पलीकडे गेलो. होडीत मी आमच्या भटकंतीच्या कहाण्या सांगितल्या, नावाडी हसला, वहिनी हसल्या नाहीत. पुढे चालताना मात्र त्या कुठेही थांबल्या नाहीत. मी दोनदा थांबलो, दम लागला म्हणून, आणि दोन्ही वेळा सांगितलं की देखावा बघतोय.

रतनवाडीत आम्ही नेहमी चिमाबाईच्या घरी जेवायचो. वहिनींच्याच वयाची, बारीक, काटक बाई. अंगणात नागली पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं.

"आलं का उंट?" हे माझं तिथलं नाव. मग माझ्या मागे बघून म्हणाली, "आन् सायेब? मागं राहिलं का?"

मागून वहिनी पुढे आल्या. चिमाबाईची नजर त्यांच्या मोकळ्या कपाळावर गेली आणि तिनं पुढचं विचारलंच नाही. आत जाऊन पाणी आणलं. भरलेला तांब्या. वहिनींनी सवयीनं अर्धाच प्यायला आणि उरलेल्याचं काय करावं ते न कळून हातात धरून बसल्या.

"सांडा की," चिमाबाई म्हणाली. "हितं पानी हाय."

नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि उकडलेले वाल असं जेवण झालं. पुण्यात दुखवट्याच्या घरी आपण हळू आवाजात बोलतो आणि मेलेल्या माणसाचं नाव टाळतो. चिमाबाई सदाविषयी असं बोलत होती की जणू तो मागे ओढ्यावर हात धुवायला गेलाय. तो भाकरीचा पापुद्रा आधी खायचा. त्याला कुत्री भ्यायची नाहीत. गेल्या होळीनंतर एकटाच आला होता, वरच्या माळावरची एक जागा साफ करून गेला.

"एकटा?" मी विचारलं. मला हे ठाऊक नव्हतं. जरा लागलंसुद्धा.

"एकलाच. लई धाप लागायची. दगूड उचलू नगा म्हनलं तर ऐकंना." मग वहिनींकडे वळून, "तुमचं लई सांगायचं बाई. म्हनायचं, आमच्या हिला राग आला का चष्मा सापडत न्हाई."

वहिनी भाकरीचा पापुद्रा काढत राहिल्या.

जेवण झाल्यावर तिघं वर गेलो. माळ गावापासून लांब नाही, वाट सोपी आहे. खरं सांगायचं तर मी थोडा खट्टू झालो, कारण सदा आणि मी असल्या सोप्या वाटेला कधी गेलो नसतो. जागा मात्र सुंदर. मागे गड, खाली पाणी, आणि एक तुकडा साफ केलेला, दगड बाजूला नीट रचून ठेवलेले. ती रास बघून मला तिथे थोडा वेळ पाठ फिरवून उभं राहावं लागलं.

व्यवस्था अशी ठरली होती की रात्री दोघी बायकांनी तंबूत झोपायचं आणि उंटानं चिमाबाईच्या पडवीत. मी खुंट्या ठोकल्या. दोऱ्या ताणल्या. कापडानं जरा वारा घेतला, फडफडलं, आणि मग एकदम ताठ उभं राहिलं. एकही शिवण ओढली गेली नाही. उतरत्या उन्हात आतल्या पट्ट्या बाहेरून दिसत होत्या, सगळ्या शिवणींवरून सरळ गेलेल्या, एक माझी सोडून.

"झालं," वहिनी म्हणाल्या. "उभा राहिला. आता तुमचा."

"आडव्या तर व्हा की, बाई," चिमाबाई म्हणाली. "येवढं शिवलंय."

वहिनी चप्पल काढून आत गेल्या. आधी डाव्या बाजूला, लांब बाजूला आडव्या झाल्या. "इथे ते," त्या म्हणाल्या. थोडा वेळ पडून राहिल्या. मग उजवीकडे सरकल्या.

मी दाराशी वाकून बसलो होतो. माझ्या पायांवरून करायची एक कोटी तयार होती. ती तशीच राहिली. वहिनींचं डोकं उशाकडच्या कापडाला लागलं होतं आणि टाचा पायाकडच्या तिरप्या कडेपासून अंतरावर होत्या. चार बोटांच्या.

त्यांनी ते पाहिलं नव्हतं. त्या वर छताकडे बघत होत्या. मग, आडवं झाल्यावर जसं त्या रोज करत असतील तसं, गळ्यातला दोरा काढून त्यांनी चष्मा मिटला, आणि तो ठेवायला न बघताच हात बाजूला नेला. हात भिंतीवरच्या कप्प्याला लागला. चष्मा आत गेला. अजिबात अडला नाही, आणि बाहेरही डोकावला नाही.

चिमाबाई माझ्या खांद्याआडून बघत होती. तिला त्या कप्प्याचं काही माहीत नव्हतं, तरी ती मागे सरली.

वहिनींचा हात कप्प्यावर तसाच होता. बोटांनी त्या आतलं फलालीन चाचपत होत्या. बराच वेळ. मग एकदम उठून बसल्या, रिकाम्या डाव्या बाजूकडे वळल्या आणि माळावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा, भांडणाच्या आवाजात म्हणाल्या,

"अहो, मग विचारायचं तरी होतं. मी आले असते."